कधीही न घेतलेल्या औषधाला जंतू दाद का देत नाहीत?

करवीर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातल्या तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्या ६२ वर्षांच्या आईला लघवीला जळजळ होऊ लागली, डॉक्टरांनी लघवीचे कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करायला सांगितले आणि अहवालात ई. कोलाय हा जिवाणू निघाला. सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्साझोल आणि जेंटामायसिन या सगळ्यांपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, असे लिहिलेले आहे. नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, ॲमिकासिन आणि मेरोपेनेम यांपुढे ‘एस’, म्हणजे औषध लागू पडते, असे आहे. आईने ‘आर’ लिहिलेल्या औषधांपैकी बहुतेक आयुष्यात कधी घेतलेली नाहीत, मग तिच्या शरीरातले जंतू त्यांना निर्ढावले कसे, हा त्याचा पहिला प्रश्न. घरात दोन म्हशी आहेत, गेल्या पावसाळ्यात एकीला दगडी (कासेचा दाह) झाली तेव्हा तिला इंजेक्शने द्यावी लागली होती, तर हा त्याचा परिणाम असेल का, हा दुसरा.

मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि असे अहवाल रोज हाताखालून जातात, त्यामुळे पहिला प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला नेहमीच विचारला जातो. त्याचे थेट उत्तर असे की, तुमच्या आईंनी ती औषधे घेतली होती की नाही, याचा या अहवालाशी फारसा संबंध नाही. प्रतिरोध हा माणसाचा गुण नसून जिवाणूचा आहे. हा जिवाणू आईंच्या आतड्यात शिरला तेव्हाच तो बहुधा प्रतिरोधाची जनुके घेऊन आला होता; आणि ती त्यालाही आपल्या पूर्वजांकडूनच मिळाली असतील असे नाही, शेजारच्या एखाद्या परक्या जिवाणूकडून ती आयती मिळालेली असू शकतात. शिवाय ही जनुके सुटी सुटी क्वचितच फिरतात. ती एका गाठोड्यात बांधलेली असतात, आणि त्यातल्या एकाची कुठे तरी गरज पडली की बाकीची न मागता सोबत येतात. हे कसे घडते ते नीट पाहिल्याशिवाय म्हशीबद्दलच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सुरुवात उत्परिवर्तनापासून, म्हणजे जनुकांच्या मजकुरात आपोआप होणाऱ्या बदलांपासून, करावी लागेल. ई. कोलायच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख अक्षरांचा मजकूर असतो आणि अनुकूल परिस्थितीत हा जिवाणू दर २० मिनिटांनी विभागतो. प्रत्येक विभाजनाच्या वेळी हा सगळा मजकूर उतरवून काढला जातो आणि हे काम इतके काटेकोर असते की सरासरी हजारएक विभाजनांत एखादीच चूक राहून जाते. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक ठरतात. परंतु संसर्ग झालेल्या लघवीच्या एका मिलिलिटरमध्येच लाखभर किंवा त्याहून कितीतरी अधिक जिवाणू असतात, त्यामुळे अब्जात एखाद्यालाच साधणारी चूकही कोणाच्या तरी वाट्याला येतेच. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध जिवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या गायरेज नावाच्या एन्झाइमला धरून बसते. त्या एन्झाइमच्या जनुकात ठरावीक जागी एखादे अक्षर बदलले की औषधाची पकड सैल होते, आणि असे दोन-तीन बदल साठले की ते जवळजवळ निकामी ठरते.

येथे एक समज दूर करायला हवा. औषधामुळे जिवाणू हळूहळू सरावतो आणि मग बदलतो, असे आपण सर्रास बोलतो. प्रत्यक्षात बदल आधी घडलेला असतो, औषध फक्त बाकीच्यांना मारून त्या बदललेल्याला मोकळे रान करून देते. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ मध्ये हे फार देखण्या रीतीने सिद्ध केले. जिवाणूंच्या वसाहती वाढलेल्या बशीवर त्यांनी मखमलीचे कापड दाबले आणि त्याच कापडाचा ठसा औषध घातलेल्या बशीवर उठवला. औषधाच्या बशीत ज्या जागी वसाहत तगली, त्याच जागेवरची मूळ बशीतली वसाहत तपासली असता तीही प्रतिरोधक निघाली. मूळ बशीला तर औषधाचा स्पर्शही झालेला नव्हता.

क्षयरोगाच्या जंतूंची कथा जवळजवळ सगळी एवढीच आहे. त्यांच्यात प्रतिरोधाची जनुके बाहेरून येत नाहीत, सारे काही स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलांवर चालते, आणि म्हणूनच तेथे चार औषधे एकदम देण्याचा उपाय इतका परिणामकारक ठरतो: एकाच जंतूत एकाच वेळी चारही बदल घडण्याची शक्यता नगण्य असते. ई. कोलाय आणि त्याची भावकी, म्हणजे क्लेब्सिएला, साल्मोनेला, शिगेला वगैरे, यांच्याबाबत हे गणित लागू पडत नाही. तुमच्या आईंच्या जंतूला पाच औषधांविरुद्ध पाच वेगवेगळे बदल स्वतःच्या बळावर घडवण्याची गरजच पडलेली नाही.

मग ती जनुके मुळात आली कोठून? बहुतेक प्रतिजैविके ही मातीतल्या बुरशी आणि जिवाणू यांनीच लक्षावधी वर्षांपूर्वी घडवलेली आहेत. जो जिवाणू असे औषध तयार करतो त्याला स्वतःला त्यापासून वाचावे लागते आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही. म्हणून औषधाइतकाच त्यावरचा उताराही जुना आहे. कॅनडातल्या युकॉन प्रदेशातील ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या जमिनीत पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि व्हॅन्कोमायसिन यांना निष्प्रभ करणारी जनुके सापडली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पेनिसिलिन तोडणारे एन्झाइम ई. कोलायमध्ये असल्याचे एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच नोंदवले होते, म्हणजे ते औषध रुग्णांना सर्रास मिळू लागण्यापूर्वी. आपण औषधे वापरायला लागलो म्हणून ही जनुके जन्माला आली, असे नव्हे. ती कोठे कोठे विखुरलेली होती, त्यांना आपण बाजारपेठ मिळवून दिली.

सेफिक्झिम आणि सेफ्ट्रियाक्सोन निकामी करणाऱ्या एन्झाइमचे उदाहरण घेऊ, कारण तुमच्या आईंच्या अहवालात बहुधा तेच दिसते आहे. सीटीएक्स-एम नावाच्या या एन्झाइमकुळाचे मूळ क्लुव्हेरा नावाच्या एका नगण्य जिवाणूच्या गुणसूत्रात आहे. हा जिवाणू माती-पाण्यात राहतो आणि माणसाच्या सहसा वाटेला जात नाही. त्याच्या त्या जनुकाशेजारी एके वेळी डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा येऊन बसला आणि पुढची उडी मारताना त्याने ते जनुक उचलून प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर, नेऊन ठेवले. इतकेच नव्हे, तर त्या तुकड्याच्या टोकाला जनुक जोराने चालू करणारा एक भाग असतो, त्यामुळे मूळ मालकाकडे मंद चालणारे हे जनुक नव्या जागी धडाक्यात एन्झाइम तयार करू लागले. या कुळातला आज जगभर माजलेला प्रकार, सीटीएक्स-एम-१५, पहिल्यांदा भारतातल्याच जिवाणूंमध्ये आढळला आणि २००१ मध्ये त्याची नोंद झाली.

हे एन्झाइम आम्हाला बशीत डोळ्यांनी दिसते. रुग्णाचा जिवाणू म्युलर-हिंटन अगर या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या बशीवर सारखा पसरून मध्यभागी ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची चकती ठेवतात आणि तिच्यापासून सुमारे दोन सेंटिमीटरवर सेफोटॅक्झिम व सेफ्टाझिडिम या सेफ्ट्रियाक्सोनच्याच गटातल्या औषधांच्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी सेफोटॅक्झिमच्या चकतीभोवती बाहेरच्या बाजूला जिवाणू पार जवळपर्यंत वाढलेले असतात, पण मधल्या चकतीकडच्या बाजूला मात्र स्वच्छ जागेचा एक फुगवटा तयार होतो. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड तेथवर झिरपून एन्झाइमला जायबंदी करते आणि तेवढ्याच पट्ट्यात सेफोटॅक्झिमचा जोर पुन्हा चालतो. अहवालात खाली ‘ईएसबीएल’ असा शेरा असेल तर त्याचा अर्थ हाच.

आता प्लाझ्मिडकडे वळू, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त असलेले, स्वतःची नक्कल स्वतः करणारे डीएनएचे बहुधा गोलाकार कडे. अनेक प्लाझ्मिडांवर स्वतःला दुसऱ्या जिवाणूकडे पोचवण्याची सगळी सामग्रीही असते. असा जिवाणू बारीक केसासारखी नळी बाहेर काढतो, ती शेजाऱ्याला चिकटते, आखडून दोघांना जवळ आणते, आणि मग प्लाझ्मिडच्या दोन धाग्यांपैकी एक पलीकडे सरकतो; दोन्हीकडे जोडीचा धागा नव्याने तयार होतो. देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही आणि घेणारा आता स्वतः देणारा बनतो. याला संयुग्मन म्हणतात. ते जिवाणूंत घडते हे जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ मध्ये दाखवले होते, परंतु त्याचा औषधांशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

तो संबंध जपानने दाखवला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे शिगेलामुळे होणारी आव मोठ्या प्रमाणावर होती आणि सल्फा औषधे सढळ हाताने दिली जात होती. १९५०च्या दशकाच्या मध्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना एकदम न जुमानणारे शिगेला सापडू लागले. डॉक्टर चक्रावले ते वेगळ्याच गोष्टीने: एकाच साथीत काही रुग्णांचे शिगेला सर्व औषधांना बळी पडणारे, तर काहींचे चारही पचवणारे, आणि काही रुग्णांच्या आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्येही तोच चौपदरी प्रतिरोध. १९५९ मध्ये तेथील संशोधकांनी प्रतिरोधक ई. कोलाय आणि साधा शिगेला एकत्र वाढवला तेव्हा चारही प्रतिरोध एका झटक्यात शिगेलामध्ये उतरले. त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीतून या कामाचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा कुठे पाश्चात्त्य जगाचे याकडे नीट लक्ष गेले. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा धडा आजही तोच आहे, आणि तो आपण अजून पुरता पचवलेला नाही.

हा प्रयोग कोणत्याही बऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, योग्य देखरेखीखाली, दोन-तीन दिवसांत करता येतो. एका बाजूला तुमच्या आईंच्या जंतूसारखा, सेफोटॅक्झिम पचवणारा ई. कोलाय घ्यायचा, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेत सांभाळलेला, सगळ्या औषधांना बळी पडणारा पण सोडियम ॲझाइड या रसायनात जगू शकणारा ई. कोलाय. दोघांना एकाच रश्श्यात ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचे आणि सकाळी ते मिश्रण ॲझाइड आणि सेफोटॅक्झिम दोन्ही घातलेल्या बशीवर पसरायचे. पहिला ॲझाइडने मरतो, दुसरा सेफोटॅक्झिमने; तरीही दुसऱ्या दिवशी बशीवर वसाहती उगवतात, कारण रात्रीत काही जणांनी प्लाझ्मिड घेतलेले असते. प्रयोग येथे संपवतात, पण खरी गंमत पुढे आहे. यातली एक वसाहत उचलून तिच्यावर जेंटामायसिन, को-ट्रायमॉक्साझोल आणि टेट्रासायक्लिनच्या चकत्या ठेवल्या, तर अनेकदा जिवाणू त्या चकत्यांच्याही अगदी कडेपर्यंत वाढलेले दिसतात. आपण निवड केली होती ती फक्त सेफोटॅक्झिमने. बाकीची तीन औषधे या जिवाणूने, किंवा त्याच्या एकाही पूर्वजाने, त्या प्रयोगशाळेत पाहिलेलीसुद्धा नव्हती.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या बशीत आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीभोवती मात्र बहुधा वेगळे चित्र दिसते: स्वच्छ वर्तुळ थोडे आक्रसते, पण नाहीसे होत नाही. मूळ जिवाणूचा सिप्रोफ्लॉक्सासिनविरोध मुख्यतः त्याच्या गुणसूत्रातल्या गायरेजच्या बदलांवर उभा असतो आणि गुणसूत्र काही पलीकडे जात नाही. जाते ते प्लाझ्मिडवरचे एक दुय्यम जनुक. या जनुकाची कथाही सांगण्यासारखी आहे. ॲमिकासिनच्या जातीच्या औषधांना अपंग करणारे एक एन्झाइम आधीपासून जिवाणूंत फिरत होते. त्यात दोनच जागी बदल झाले आणि ते सिप्रोफ्लॉक्सासिनवरही काम करू लागले, हे २००६ मध्ये लक्षात आले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे संपूर्णपणे माणसाने कारखान्यात बनवलेले रेणू आहे, निसर्गात त्यावर उतारा असण्याचे कारणच नाही, असे एके काळी छातीठोकपणे सांगितले जाई.

प्लाझ्मिडवर ही जनुके एकत्र येतात कशी? त्यात उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा, म्हणजे ट्रान्सपोझॉनांचा, मोठा वाटा आहे. ते आपल्या पोटातली जनुके घेऊन प्लाझ्मिडवरून गुणसूत्रावर आणि तेथून दुसऱ्या प्लाझ्मिडवर जातात. दुसरा वाटा इंटिग्रॉनांचा. इंटिग्रॉनमध्ये सुटी जनुके पकडून एकामागे एक ओवणारे एन्झाइम असते, आणि रांगेतल्या सगळ्या जनुकांना चालू करणारा भाग एकच, सुरुवातीला असतो. रुग्णालयांतल्या जिवाणूंत सर्वाधिक आढळणाऱ्या इंटिग्रॉनच्या शेपटाला सल्फाविरोधी जनुक आणि काही जंतुनाशक द्रावणांना विरोध करणाऱ्या जनुकाचा तुटका अवशेष कायमचा जोडलेला असतो. आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक चिंतेची आहे: सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने डीएनएला इजा झाली की जिवाणूची आणीबाणीची यंत्रणा जागी होते, आणि इंटिग्रॉनमधले हे ओवणारे एन्झाइम नेमके त्याच वेळी जोरात चालू लागते. कमी मात्रेत, अर्धवट दिलेले औषध एवढ्यासाठीच दुप्पट घातक असते.

जनुके पोचवण्याचे आणखी दोन मार्ग आहेत, त्यांचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. मेलेल्या जिवाणूचा उघडा पडलेला डीएनए काही जाती सरळ उचलून घेतात. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूमध्ये पाहिलेला चमत्कार तोच, आणि पेनिसिलिनला न जुमानणारे न्यूमोकॉकस घशातल्या साध्या स्ट्रेप्टोकॉकसच्या जनुकांचे तुकडे जोडून असेच तयार झाले. दुसरा मार्ग जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंचा. नवे विषाणू बांधले जाताना चुकून यजमानाचाच डीएनए त्यांच्या कवचात भरला जातो. गळवे करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये हा मार्ग महत्त्वाचा आहे, ई. कोलायच्या औषधविरोधात तुलनेने कमी.

आता हा जिवाणू तुमच्या आईंपर्यंत पोचला कसा, ते पाहू. लघवीचा संसर्ग करणारा ई. कोलाय बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातून येतो, आणि आतड्यात तो अन्न, पाणी आणि घरातल्या माणसांचे हात यांतून आलेला असतो. तेथे तो महिनोन्महिने गुपचूप राहतो. एक ग्रॅम मळात सुमारे दहा हजार कोटी जिवाणू असतात, त्यामुळे प्लाझ्मिडांच्या देवाणघेवाणीला एवढी गर्दीची जागा दुसरी नाही. नेदरलँड्समधल्या सुमारे २,००० प्रवाशांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक परतताना आतड्यात ईएसबीएल जिवाणू घेऊन आले होते, जे जाताना त्यांच्यात नव्हते. काही आठवड्यांच्या मुक्कामात पाहुण्यांची ही गत होत असेल, तर येथे जन्म काढलेल्यांबद्दल वेगळे सांगायला नको. त्याच अभ्यासात बहुतेकांचे हे जिवाणू महिना-दोन महिन्यांत आपोआप नाहीसे झाले, पण प्रवासात ते मिळालेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत वर्षभरानंतरही ते टिकून होते.

आपण काही औषध वापरणे थांबवले तर हे गाठोडे जिवाणू टाकून देतील, अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे, कारण प्लाझ्मिड सांभाळण्याचा खर्च जिवाणूला सोसावा लागतो. प्रत्यक्षात तसे सरळ घडत नाही. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात सल्फा औषधाचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. तरी एका मोठ्या रुग्णालयातल्या ई. कोलायपैकी सल्फाविरोधी १९९१ मध्ये सुमारे ४० टक्के होते, ते १९९९ मध्ये ४६ टक्के निघाले. त्याच प्लाझ्मिडवरच्या इतर जनुकांची गरज चालूच होती, मग सल्फाचे जनुक जाणार कशाला? शिवाय कित्येक प्लाझ्मिडांवर विष आणि त्यावरचा उतारा अशी जोडी असते. उतारा लवकर विरतो, विष टिकते. त्यामुळे विभाजनाच्या वेळी ज्या पिल्लाला प्लाझ्मिड मिळाले नाही, ते विरोध करण्याआधीच मरते किंवा खुंटते.

म्हशीचा प्रश्न येथे येतो. न घेतलेल्या औषधाचा प्रतिरोध जनावरांकडून माणसापर्यंत येऊ शकतो का? येऊ शकतो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा पूर्व जर्मनीतला आहे. तेथे १९८०च्या दशकात डुकरांची वाढ व्हावी म्हणून नूर्सिओथ्रिसिन नावाचे प्रतिजैविक खाद्यात घातले जाऊ लागले. ते माणसांना कधीच दिले गेलेले नव्हते. काही वर्षांतच त्याला विरोध करणारे ई. कोलाय आधी डुकरांत, मग त्यांची निगा राखणाऱ्यांत आणि त्यांच्या घरच्यांत, आणि अखेर डुकरांशी काडीचाही संबंध नसलेल्या गावकऱ्यांच्या लघवीच्या संसर्गातही सापडले. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोंबड्यांच्या खाद्यात केवळ टेट्रासायक्लिन होते, तरी काही आठवड्यांत त्या कोंबड्यांचे जिवाणू इतरही अनेक औषधांना विरोध करू लागले.

तरीही तुमच्या म्हशीवर आळ घ्यायला मी धजणार नाही. दगडीची चार इंजेक्शने आणि वर्षभर खाद्यातून मिळणारे औषध यांत फार अंतर आहे. माणसांत ईएसबीएलचा संसर्ग करणारे ई. कोलाय बहुतांशी काही ठरावीक घराण्यांचे असतात, आणि ब्रिटनमधल्या २०१९च्या एका विस्तृत पाहणीत ही घराणी रुग्ण आणि सांडपाणी यांत सापडली, मांस आणि जनावरे यांत ती क्वचितच होती. आपल्याकडे गोठा आणि घर यांच्यात एका भिंतीचेही अंतर नसते, त्यामुळे ब्रिटनचा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही, हे मान्य. पण माणसाकडून माणसाकडे, हात आणि सांडपाणी यांच्यामार्फत, ही वाट सर्वांत रुंद आहे, असे मी आजवर पाहिलेल्या गोष्टींवरून म्हणेन. पंचगंगेत सांडपाणी मिसळण्याचा प्रश्न कोल्हापूरकरांना नवा नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत तर नदी, गटारे आणि विहिरी यांच्यातल्या सीमाच पुसल्या गेल्या. प्रतिरोधक जिवाणू आणि औषधांचे अंश दोन्ही सांडपाण्यात एकत्र असतात, आणि जिवाणूला मारण्याइतकी मात्रा नसली तरी, तिच्या कित्येक पट कमी मात्रेतसुद्धा, प्रतिरोधकाला इतरांवर मात करता येते हे प्रयोगांनी दाखवलेले आहे.

गोठ्याबाबत ज्या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात, त्या मात्र वेगळ्या करून सांगतो. दुधात उतरलेला औषधाचा अंश ही एक गोष्ट, आणि दुधातले प्रतिरोधक जिवाणू ही दुसरी. औषध दिलेल्या म्हशीच्या दुधाचे दही नीट लागत नाही, हे आपल्याकडच्या बायकांना प्रयोगशाळेआधीपासून माहीत आहे. विरजणातले जिवाणू त्या अंशाने मरतात किंवा दबतात. दूध उकळल्याने प्रतिरोधक जिवाणू मरतात, पण औषधाचा अंश बराचसा तसाच राहतो. म्हणून औषधाच्या वेष्टनावर किंवा पशुवैद्यकाने जितके दिवस सांगितले असतील तितके दिवस ते दूध घरात वापरू नये आणि डेअरीलाही घालू नये. ते फुकट कशाला घालवायचे म्हणून रेडकाला पाजण्याची पद्धत आहे, तीही सोडावी. त्या कोवळ्या आतड्यात प्रतिरोधकांची निवड करण्याचा याहून सोपा उपाय नाही. धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्या जिल्ह्यात मोठे आहे, मला ते ठाऊक आहे, पण आईंचे वय आणि आत्ताचा आजार पाहता त्यांना उकळलेलेच दूध द्या.

आईंच्या उपचाराचा निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे, तरी अहवाल वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यादीत मेरोपेनेमपुढे ‘एस’ आहे म्हणून तेच सर्वांत ‘पॉवरफुल’ आणि म्हणून तेच द्या, असा आग्रह धरू नये. संसर्ग मूत्राशयापुरता असेल आणि मूत्रपिंडाचे काम ठीक असेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन यांसारखी तोंडाने घ्यायची औषधे बहुधा पुरतात. ताप, थंडी वाजणे किंवा कुशीत दुखणे असेल तर गोष्ट वेगळी, कारण ही दोन औषधे मूत्रपिंडाच्या संसर्गात भरवशाची नाहीत आणि तेव्हा इंजेक्शन लागू शकते. मेरोपेनेम हे अशा वेळेसाठी राखून ठेवायचे औषध आहे. त्यालाही तोडणारे एनडीएम-१ हे एन्झाइम, नवी दिल्लीत रुग्णालयात राहून गेलेल्या एका स्वीडनवासी रुग्णात २००८ मध्ये सापडले आणि त्याचेही जनुक प्लाझ्मिडवर बसून फिरते.

त्रास थांबल्यावर ‘जंतू गेले का’ हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा कल्चर करू नका. या वयाच्या बायकांच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जिवाणू सापडणे सामान्य आहे, आणि केवळ कागदावरच्या त्या जिवाणूसाठी औषध घेतले तर आतड्यातल्या साध्या जिवाणूंचा बळी जाऊन प्रतिरोधकांनाच जागा मिळते. आतड्यातला ईएसबीएल घालवण्यासाठी म्हणून औषध घेण्यातही अर्थ नाही. तो जायचा तर आपसूक जातो. घरातल्या सर्वांनी शौचानंतर, शेण काढल्यानंतर आणि धार काढण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शेजारणीला जळजळ होते म्हणून देऊ नका.

आणि हा अहवाल फाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या काही महिन्यांत आईंना कोणत्याही कारणाने दवाखान्यात दाखल व्हावे लागले, मूतखड्याची किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरली, किंवा मूत्रनळी घालावी लागली, तर तेथल्या डॉक्टरांना तो आधी दाखवा. शस्त्रक्रियेपूर्वी द्यायचे प्रतिजैविक बहुधा सेफॅलोस्पोरिन, म्हणजे सेफिक्झिम-सेफ्ट्रियाक्सोनच्याच, गटातले असते, आणि ते बदलायचे की नाही, हे त्यांना वेळेवर ठरवता येईल.